ऊन पाण्याचा हिशेब

प्रस्तावना

स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले कालनिर्णय ही आपल्या घरातली ऊर्जेची सर्वांत खरी वही आहे. दूध जास्त घेतले, पेपर आला नाही, इस्त्रीचे किती कपडे गेले, अशा नोंदींच्या शेजारी एखाद्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेले असते : ‘सि. लावला’. माझ्या आईने अशी काही वर्षांची कॅलेंडरे कपाटात जपून ठेवली होती. एकदा ती काढून सिलिंडरच्या तारखा ओळीने मांडल्या. उन्हाळ्यात एक सिलिंडर दीड महिना पुरत होता. मार्गशीर्ष-पौषात तोच जेमतेम महिनाभर टिकत होता. माणसे तीच, पोळ्या तेवढ्याच, कुकरच्या शिट्ट्याही तेवढ्याच. फरक सगळा न्हाणीघरातला होता.

सिलिंडरमधल्या गॅसला आपण ‘स्वयंपाकाचा गॅस’ म्हणतो, म्हणून त्याचा बराचसा भाग अंघोळीच्या पाण्यात जातो हे आपल्या लक्षातच येत नाही. ज्याला नाव नाही त्याचा हिशेबही राहत नाही. हा संग्रह तो हिशेब मांडतो. घर उबदार ठेवण्यासाठी आणि पाणी तापवण्यासाठी घरोघरी जळणारा गॅस कमी कसा करायचा, या प्रश्नावर मराठीत सुटे लेख आले आहेत. सगळे क्षेत्र एका जागी मांडून दाखवणारे पुस्तक मात्र माझ्या हाती पडले नव्हते. ते आता वाचकांच्या हाती येत आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहिताना मनापासून आनंद होतो.

आधी साधे गणित करू. ते शाळेतलेच आहे. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीतल्या सकाळी टाकीतले पाणी २० अंशांवर असते आणि अंघोळीला ४२ अंश पुष्कळ होतात. म्हणजे २० लीटरच्या बादलीला ४४० किलोकॅलरी. एलपीजीच्या एका किलोत सुमारे ११ हजार किलोकॅलरी असतात. उष्णतेचा कण न् कण पाण्यातच गेला, तर एका बादलीला ४० ग्रॅम गॅस पुरेल. प्रत्यक्षात गॅस गीझरमध्ये सुमारे ८० टक्के उष्णता पाण्याला मिळते, म्हणून ५० ग्रॅम लागतात. शेगडीवर तपेले ठेवले आणि वर झाकण असले, तर ६५-७० ग्रॅम. झाकण नसेल तर आणखी. चौघांच्या घरात चार बादल्या म्हणजे रोज २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. आईच्या कॅलेंडरवरचे कोडे इथे सुटते. उन्हाळ्यात टाकीतले पाणी मुळातच ३० अंशांवर असते, तेव्हा हाच खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो.

या गणितात एक गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते ती या साऱ्या विषयाची किल्ली आहे. गॅसची निळी ज्योत १९०० अंशांच्या आसपास असते. आपल्याला हवे असते ४२ अंशांचे पाणी. एवढ्या प्रखर ज्योतीने एवढे सौम्य काम करून घेणे म्हणजे घराला कडी लावायला लोहाराचा घण आणणे. लोखंड वितळवायला, काच घडवायला, गेला बाजार भाकरी भाजायला प्रखर आग लागते. अंग धुवायला आणि खोली उबदार ठेवायला ती लागत नाही. आणि ऊब जितकी सौम्य मागाल, तितकी ती मिळवण्याची साधने वाढतात. ४२ अंश सूर्य देऊ शकतो, आसपासच्या हवेतून काढता येतात. ८० अंश म्हटले की ही दारे एकेक करून बंद होत जातात. म्हणून ‘कोणते इंधन?’ हा प्रश्न शेवटचा. त्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : किती ऊन, किती पाणी, आणि ते किती लांबून आणायचे?

आपल्या भाषेला हे भान पूर्वीपासून आहे. गार, कोमट, ऊन, गरम, कढत अशा पायऱ्या मराठीत आहेत आणि प्रत्येक पायरीचे काम ठरलेले आहे. कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याला ‘विसण’ हा वेगळा शब्द आहे. सूर्यप्रकाशालाही आपण ऊन म्हणतो आणि अंगाला सोसेल अशा तापलेल्या पाण्यालाही ऊनच म्हणतो. ज्यांनी हा शब्द दोन्हींसाठी वापरला त्यांना उष्णतेची प्रत कळत होती.

आता या क्षेत्राचा इतिहास थोडक्यात पाहू. आपल्याकडे तो बंबापासून सुरू करावा लागेल. तांब्याचा उभा बंब म्हणजे विचारपूर्वक केलेले यंत्र होते. मधोमध धुराड्याची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, बाजूला तोटी. आग भांड्याच्या नुसत्या बुडाला लागत नाही, ती पाण्याच्या पोटातून वर जाते. धुरातली उष्णता बाहेर पडेपर्यंत पाण्याला मिळत राहते. त्यात जळायच्या नारळाच्या करवंट्या, झावळ्यांचे तुकडे, लाकडाचे ढलपे, गोवऱ्या. म्हणजे ज्याला बाजारात फारसे मोल नव्हते ते सगळे. माझ्या आजीच्या घरी नियम होता : जो तांब्या-बादली काढेल त्याने तेवढेच गार पाणी वरून ओतायचे. बंब कोरडा पडला की डाग सुटायचा, ही भीती त्यामागे होती. पण या नियमाने प्रत्येकाला आपण किती पाणी वापरले हेही कळायचे. घंगाळात काढायचे, विसण घालायचे, हात घालून बघायचे, मग अंघोळ. मोजमाप रोजच्या वागण्यातच मुरलेले होते. त्या धुराने घरातल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसे किती पोळली, हेही इथेच नोंदवले पाहिजे. बंबाची आठवण काढायची ती त्याची रचना समजून घेण्यासाठी. तो परत आणावा असे कोणी म्हणणार नाही.

‘गीझर’ हा शब्द आइसलँडमधल्या उसळत्या गरम झऱ्याच्या नावावरून आला. लंडनमधल्या बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र केले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. पुढे एडविन रूड यांनी अमेरिकेत आपोआप चालणारे साठ्याचे हीटर केले. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी १८९० च्या दशकात न्हाणीघरासाठी गॅसची कार्यक्षम साधने बाजारात आणली. आज आपल्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगलेली पेटी याच घराण्यातली.

मुंबईत १८६० च्या दशकात कोळशापासून काढलेल्या गॅसवर रस्त्यांचे दिवे पेटले. लालबागच्या गॅस कंपनी लेनने ती आठवण नावात जपली आहे. सिलिंडरमधला गॅस मुंबईत आला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर. १९६५ मध्ये इंडेनचे सिलिंडर आले. पुढची दोन-तीन दशके गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याची होती. इतकी वाट पाहून मिळालेला गॅस अंघोळीला जाळणे ही त्या पिढीला उधळपट्टी वाटे. पुढे सिलिंडर सहज मिळू लागला, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने मुंबईत नळाने गॅस दिला, आणि गॅस गीझर घरोघरी शिरला. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानाचे सिलिंडर वर्षाला सहावर आले, तेव्हा अनेक घरांनी पहिल्यांदा गॅसचा हिशेब केला. मर्यादा जानेवारी २०१३ मध्ये नऊवर आणि पुढच्या वर्षी बारावर गेली, आणि हिशेब पुन्हा मागे पडला.

घर उबदार ठेवण्याचा प्रश्न मात्र मुख्यतः थंड देशांचा आहे आणि त्याचा इतिहास तिकडेच वाचावा लागतो. नेदरलँड्समध्ये १९५९ साली स्लोख्टेरेन या गावाजवळ प्रचंड मोठा वायुसाठा सापडला. ग्रोनिंगेन क्षेत्र म्हणून तो जगाला माहीत झाला आणि दशकभरात त्या देशातली जवळजवळ सगळी घरे गॅसच्या नळाला जोडली गेली. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाचा गॅस सोडून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घेतला. त्यासाठी तंत्रज्ञांनी घरोघरी जाऊन सुमारे ४ कोटी उपकरणे बदलली. आज ‘इतक्या घरांत बदल कसा होणार?’ असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे. बदल झाला आहे, एका दशकात झाला आहे, फक्त तेव्हा तो गॅसकडे नेणारा होता.

त्या गॅसची किंमत पुढे कळली. ग्रोनिंगेनमध्ये वायू उपसल्याने जमीन खचू लागली, भूकंप होऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी ह्यूझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. विटांच्या जुन्या घरांना तडे गेले आणि ज्या गॅसने देशाला ऊब दिली तो गावकऱ्यांच्या उशाशी भीती ठेवून गेला. १ जुलै २०१८ पासून तिथल्या नव्या घरांना गॅसची जोडणी देणे थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रोनिंगेनमधला उपसा बंद झाला. मधल्या काळात युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय संघाने सदस्य देशांना गॅसचा वापर १५ टक्के कमी करण्याचे आवाहन केले. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. सार्वजनिक इमारतींत १९ अंशांची मर्यादा पाळणाऱ्या जर्मनीत तो हिवाळा अनेक मराठी कुटुंबांनीही काढला. थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणल्याने बिल किती उतरते, हे त्यांनी तेव्हा आकड्यांत पाहिले.

या सगळ्या घडामोडींतून चार विचारधारा तयार झाल्या. नवख्या वाचकाला त्या ओळखीच्या झाल्या, तर पुस्तकातले मतभेद चटकन उमजतील.

पहिली धारा म्हणते, आधी इमारत सुधारा. छत, भिंती, खिडक्यांच्या फटी यांतून ऊब निसटत असेल तर घर तापवणारा कितीही चांगला बॉयलर म्हणजे भोके पडलेल्या रांजणात पाणी भरणे. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये बांधलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसने या विचाराला देह दिला. तिथला निकष असा की वर्षाला एका चौरस मीटरला १५ युनिटांहून जास्त उष्णता लागता कामा नये. माणसांच्या अंगची ऊब, खिडकीतून येणारे ऊन आणि स्वयंपाकाची धग यांवरच अशा घराचा बराचसा हिवाळा निघतो. आपल्याकडे लडाखमध्ये फे गावातल्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या मातीच्या, दक्षिणमुखी इमारती हेच तत्त्व स्थानिक साधनांनी पाळतात.

दुसरी धारा यंत्राची. ब्रिटनमध्ये २००५ पासून कंडेन्सिंग बॉयलर बंधनकारक झाले. साध्या बॉयलरमध्ये गॅस जळताना तयार होणारी वाफ धुराड्यातून उडून जाते. या बॉयलरमध्ये ती थंड होऊन पाणी होते आणि तिच्यातली उष्णता परत मिळते. पण त्यासाठी खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांखाली असावे लागते. लाखो घरांत बॉयलर ७५-८० अंशांवर लावून ठेवलेले, म्हणजे महागडे यंत्र घेऊन त्याचा मुख्य गुणच वापरायचा नाही. २०२२ मध्ये नेस्टा या संस्थेने तिथल्या लोकांना एवढेच सांगितले, की बॉयलरचे पाणी ६० अंशांवर आणा. खर्च शून्य, गॅसची बचत ६ ते ८ टक्के. या धारेचे पुढचे पाऊल म्हणजे हीट पंप. त्याची कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. फ्रिज जसा आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणतो. एका युनिट विजेवर तीन युनिटांएवढी ऊब मिळते. जपानने २००१ पासून ‘इकोक्यूट’ नावाने असे पाणी तापवणारे पंप घरोघरी नेले. हेही यंत्र सौम्य ऊब मागितली तरच नीट चालते.

तिसरी धारा म्हणते, ऊब ही एकेकट्या घराची बाब नाही, ती गावाची व्यवस्था आहे. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या डेन्मार्कने हा मार्ग धरला. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे जमिनीखालच्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार राहतात. वीजकेंद्रात, कचरा जाळणाऱ्या भट्टीत, कारखान्यात वाया जाणारी उष्णता त्या नळांतून फिरते. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची सामायिक सौर टाकी हे त्याच विचाराचे लहान रूप आहे.

चौथी धारा माणसाची. ती म्हणते, खोली तापवण्याआधी माणसाला ऊब द्या. जपानी कोतात्सू (खाली ऊब आणि वर रजई असलेले बैठे मेज), काश्मिरी कांगडी (अंगाशी धरायची निखाऱ्यांची टोपली), गरम पाण्याची पिशवी ही तिची साधने. आपल्या घरातली जुन्या लुगड्यांची गोधडी आणि धनगरी घोंगडी याच परंपरेतली. ज्या निफाडमध्ये पारा खाली घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तिथेही घरात माणसे गोधडीवरच रात्र काढतात. पाण्याच्या बाबतीत या धारेचे सांगणे म्हणजे शॉवरऐवजी बादली, कढतऐवजी ऊन, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला आधी. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतीण आणि आजारी यांच्या पाण्यात काटकसर नको, हे ही धारा ठणकावून सांगते आणि मला ते फार मोलाचे वाटते.

या चौघींच्या जोडीला सूर्य आणि शेण या आपल्या जुन्या वाटा आहेत. सौर बंबाचे पहिले पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये घेतले. पण ते घरोघरी नेले इस्राएलने. तिथे १९८० पासून नव्या घरांना सौर बंब सक्तीचा झाला आणि आज बहुतेक घरांच्या छपरांवर तो दिसतो. पुण्यात महापालिकेने सौर बंब बसवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत दिली आणि गच्च्यांवर काळ्या नळ्या दिसू लागल्या. बायोगॅसची कहाणी तर महाराष्ट्राचीच. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस काढला गेला. जशभाई पटेल यांच्या रचनेला पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगावी नेले, देहूला डॉ. सु. वि. मापुसकर यांनी संडास आणि बायोगॅस यांची जोडणी घालण्यात आयुष्य वेचले. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्यातल्या संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र केले आणि त्यासाठी तिला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? कारणे तीन आहेत. पहिले, आपण वापरतो त्यातला सुमारे ६० टक्के एलपीजी बाहेरून येतो आणि तो मुख्यतः आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. तिथे काही बिनसले की नाशिकच्या, नांदेडच्या स्वयंपाकघराला झळ लागते. २०२२ मध्ये सिलिंडर १००० रुपयांवर गेला तो अनुभव जुना झालेला नाही. दुसरे कारण हवामानाचे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. गॅस बंद करून साधा विजेचा गीझर लावला म्हणजे पुण्य पदरी पडले, असे होत नाही. आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे. एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. बादलीभर पाण्याला गॅस गीझरवर दीडशे ग्रॅम होतो, तर साध्या विजेच्या गीझरवर चारशेच्या आसपास. हीट पंपावर तो गॅसच्याही थोडा खाली येतो आणि सौर बंबावर जवळजवळ नाहीसा होतो. वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसे हे आकडे बदलतील. पण आज युरोपातला सल्ला जसाच्या तसा उचलून आपल्या घरात बसवला, तर नुकसानच होईल.

तिसरे कारण जिवाचे. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेले माणूस आतच कोसळल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. काही वाचतात, त्यांना झटके येतात आणि आधी फिट्सचा आजार समजला जातो. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा, धूर बाहेर जाणारी नळी असावी, खिडकीची जाळी कधी बुजवू नये. बचतीच्या साऱ्या सल्ल्यांच्या आधी हा सल्ला वाचावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, कोट्यवधी घरांत गॅस पोचला. पण त्यातल्या कित्येक घरांत सिलिंडर वर्षातून तीन-चारदाच भरला जातो. स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचे पाणी चुलवणावर, हे चित्र खेड्यापाड्यांत आजही सर्रास दिसते. त्या बाईला ‘गॅस कमी वापर’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या घरी प्रश्न गॅस वाचवण्याचा नसून शेवटचा धूर विझवण्याचा आहे, आणि तो विझवायला सौर बंब किंवा गोठ्यामागचे बायोगॅस संयंत्र लागेल. कमी करायचे आहे ते आपण, ज्यांच्याकडे नळाला चोवीस तास गरम पाणी आहे.

या संग्रहाचा प्रयत्न नेमका हा आहे. त्यात अभियंते आहेत, वास्तुरचनाकार आहेत, प्लंबिंगची कामे करणारे कारागीर आहेत आणि चार पिढ्यांचे न्हाणीघर आठवणाऱ्या गृहिणीही आहेत. युरोपात राहणारी मराठी माणसे बॉयलर आणि रेडिएटरविषयी लिहितात, कोकणातली बंबाविषयी. वाचकाला धाक घालायचा नाही, आकडा सांगितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि ज्या उपायाला पैसे लागत नाहीत तो आधी सांगायचा, अशी शिस्त सर्वांनी पाळली आहे. काही ठिकाणी लेखकांचे एकमेकांशी जुळत नाही. ते मिटवून टाकण्याचा खटाटोप संपादकांनी केला नाही, हे चांगले केले. उदाहरणार्थ, साठ्याच्या टाकीतले पाणी किती तापवावे? कमी तापवले तर टाकीच्या अंगातून कमी ऊब निसटते. पण बराच काळ साठून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात, म्हणून साठा ६० अंशांपर्यंत नेण्याचा आग्रह धरणारेही बरोबर आहेत. दोन्ही बाजू वाचून आपल्या घरातली टाकी कोणती, हे वाचकाने ठरवायचे आहे.

माझेही एक मत इथे मांडतो. संग्रहातल्या काही लेखांत हीट पंपावर मोठी भिस्त आहे. थंड देशांत ती रास्तच आहे. महाराष्ट्रात, जिथे वर्षातले बहुतेक दिवस ऊन आहे आणि अंघोळ अजून बादलीने होते, तिथे पहिला मान सौर टाकीला आणि तिच्यापासून नळापर्यंत येणाऱ्या पाइपला द्यायला हवा. पाइपचे नाव मी मुद्दाम घेतो. आमच्या पुण्यातल्या चार मजली इमारतीत गच्चीवर सौर टाकी आहे. तळमजल्यावरच्या एका शेजाऱ्यांची तक्रार होती, ‘सोलरचं पाणी आमच्यापर्यंत येतच नाही,’ म्हणून त्यांनी गॅस गीझर बसवला होता. आम्ही एका सकाळी मोजायला बसलो. टाकीपासून त्यांच्या नळापर्यंत पाऊण इंची पाइप सुमारे २५ मीटर. त्यात रात्रभर निवालेले पाणी ७ लीटर. ते सात लीटर मोरीत सोडून दिले की मग ऊन पाणी येई, आणि थांबायला कंटाळून माणसे गीझरचे बटण दाबत.

उपाय दोन होते. पाइपला उष्णतारोधक आवरण घालणे हा खर्चाचा. तो पुढे केला. दुसरा बिनखर्चाचा. पहिल्या थेंबापासून बादली नळाखाली लावायची. आधी पडते ते सात लीटर गार पाणी म्हणजे विसणच. त्यावर ५५ अंशांचे १३ लीटर पडले की बादली ४२-४३ अंशांवर भरते. थेंब वाया जात नाही. आणि घरातल्यांनी एकापाठोपाठ एक अंघोळी उरकल्या की पाइप मध्ये निवत नाही. आजी विसण आधी घालायची की नंतर, हे आठवत नाही. पण त्या सकाळी तो शब्द मला नव्याने कळला. शेजाऱ्यांचा गीझर आता पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांपुरता लागतो.

या पुस्तकातली सगळी विद्या अशाच मोजण्यातून आली आहे. मोठी यंत्रे येतील, धोरणे बदलतील, अनुदाने येतील आणि जातील. त्यांची वाट न पाहता करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला एक तापमापक, एक बादली आणि एक पेन पुरते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक उघडण्याआधी उद्या सकाळी आपल्या बादलीतल्या पाण्याचे तापमान मोजा आणि नळाला ऊन पाणी येईपर्यंत किती लीटर गेले तेही मोजा. हे दोन आकडे कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. मग पहिले पान उलटा. पुढच्या थंडीत तेच आकडे पुन्हा मोजाल, तेव्हा हे पुस्तक तुम्हाला उपयोगी पडले की नाही ते तुमच्याच अक्षरात लिहिलेले असेल.